महामारीतलं ख्रिस्ती मिशनकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळात मी एका छोट्या मिशनच्या मदतकार्यात होतो. फोन घेणं, याद्या करणं, औषधं पोचवणं, मयतीला उभं राहणं, जे पडेल ते काम. तेव्हापासून मंडळ्यांमधून, तरुण सुवार्तिकांकडून आणि कधी कधी ख्रिस्ती नसलेल्या मित्रांकडूनही तेच तेच प्रश्न येत राहिले. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एका जागी मांडलेलं बरं. उत्तरांत माझी मतं आहेत, ती सगळ्यांना पटतील असं नाही.

साथ आली की मिशनचं काम थांबवायचं का?

नाही, पण कामाचा क्रम उलटा होतो. शिबिरं, सभा, दारोदारच्या भेटी मागे पडतात. आजारी, एकटे आणि हातावर पोट असलेले पुढे येतात. एरवी मिशनच्या अहवालात शेवटच्या पानावर असणारी माणसं पहिल्या पानावर येतात म्हणा ना.

अशा वेळी "मला भीती वाटते का?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. भीती सगळ्यांनाच वाटते. "माझ्या धाडसाचं बिल कुणाच्या नावावर फाटणार?" हा प्रश्न रोज सकाळी विचारायचा. मी तरुण आहे, मला ताप येऊन जाईल. पण मी ज्या म्हाताऱ्या बाईच्या उशाशी बसून प्रार्थना करणार, तिचं काय? खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

पण सुरुवातीचे ख्रिस्ती तर जिवावर उदार होऊन रोग्यांमध्ये राहिले होते ना?

राहिले होते, आणि ती गोष्ट विसरण्यासारखी नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यात रोमन साम्राज्यात मोठी साथ आली. आज तिला 'सिप्रियनची साथ' म्हणतात, कारण कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या लिखाणात तिचं वर्णन आहे. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रात आपल्या मंडळीतले लोक रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः कसे मेले ते सांगितलंय. हे मरण हौतात्म्याहून कमी नाही, असं त्याचं म्हणणं. हे पत्र युसेबियस या इतिहासकारामुळे आपल्यापर्यंत पोचलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवून ते वाचावं. एक, डायोनिशियस आपल्याच लोकांबद्दल लिहितोय. इतर लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकून देत होते, असंही तो म्हणतो. पण त्या 'इतरां'ची बाजू मांडायला त्या पत्रात कुणी नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या काळी ना जंतू माहीत होते, ना लक्षणं दिसण्याआधी माणूस रोग पसरवू शकतो हे माहीत होतं. पाणी पाजणं, अंग पुसणं, तोंडात घास घालणं एवढ्यानेही कितीतरी जीव वाचत असणार, कारण ज्याला उठता येत नाही तो तहानेनंही मरतो. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढ्यात त्यांनी सर्वांत चांगलं ते केलं. आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तेव्हा त्यांची केवळ नक्कल करून आपल्याला सुटता येणार नाही.

साथीच्या गावातून निघून जाणं पाप आहे का?

हा प्रश्न 1527 साली धर्मसुधारक मार्टिन लूथरला विचारला गेला होता. ब्रेस्लाऊच्या पाळकांनी, योहान हेस यांच्यामार्फत. लूथर राहायचा त्या विटेनबर्ग शहरातच तेव्हा प्लेग आला होता, विद्यापीठ येनाला हलवलं होतं, आणि लूथरलाही निघून जायला सांगण्यात आलं होतं. तो गेला नाही. बायको कॅथरिना गरोदर होती, घरात आजारी माणसं आणून ठेवलेली, घराचं जवळजवळ इस्पितळच झालेलं.

इतकं असून त्याचं उत्तर "सगळ्यांनी राहावं" असं नाही. ज्याच्यावर दुसऱ्याचा भार आहे त्याने राहावं: पाळकाने, नगराच्या अधिकाऱ्याने, आईबापांनी, मालकाने आणि नोकराने. ज्याची गरज नाही, ज्याच्या जागी काळजी घेणारा दुसरा कुणी आहे, त्याने खुशाल जावं. त्यात पाप नाही. स्वतःबद्दल तो लिहितो की मी हवा शुद्ध करायला मदत करीन, औषध देईन आणि घेईनही, आणि जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही. औषध नाकारून, काळजी न घेता मिरवणाऱ्यांवर मात्र तो चांगलाच भडकतो. हे देवाची परीक्षा पाहणं आहे, आणि अशा माणसामुळे दुसरा मेला तर तो खुनाचा वाटेकरी, इथपर्यंत तो जातो.

जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचं हे पत्र कोविडमध्ये फार फिरलं. गंमत अशी की सभा घ्यायच्या म्हणणारे त्यातला पहिला अर्धा भाग पाठवायचे आणि सभा बंद ठेवा म्हणणारे दुसरा.

देवावर विश्वास असेल तर मास्क आणि लस कशाला?

स्तोत्र 91 तोंडपाठ असलेली माणसं हे विचारतात. "घातक मरीपासून तो तुझा बचाव करील." त्यांना मी एवढंच सांगतो की मत्तयाच्या चौथ्या अध्यायात हेच स्तोत्र सैतानानेही म्हणून दाखवलंय, मंदिराच्या शिखरावर उभं राहून. "खाली उडी टाक, देवदूत झेलतील." प्रभूचं उत्तर होतं: तू आपला देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नको. त्याने उडी टाकली नाही.

लसीच्या बाबतीत तर धर्मसेवकांचा इतिहास समजतो तितका वाईट नाही. 1721 मध्ये बोस्टनला देवीची साथ आली तेव्हा टोचून घेण्याचा (देवीच्या फोडातला पू मुद्दाम टोचण्याचा, लसीच्या आधीचा उपाय) आग्रह धरणारा माणूस पाळक होता, कॉटन मॅथर. ही युक्ती त्याला ओनेसिमस नावाच्या, त्याच्याच घरातल्या आफ्रिकी गुलामाकडून कळली होती. लोक इतके चिडले की मॅथरच्या घरात पेटता बॉम्ब फेकला गेला. नशिबाने तो फुटला नाही. त्या साथीत 844 माणसं दगावली. साथ लागलेल्यांपैकी सुमारे चौदा टक्के मेले, टोचून घेतलेल्यांपैकी दोन-तीन टक्के. ओनेसिमस मात्र त्या घरात गुलाम म्हणूनच आला होता, हेही त्याच गोष्टीत आहे आणि ते गाळून ती सांगू नये.

कोविडच्या लसींवरून गर्भपेशींचा (गर्भपात झालेल्या गर्भापासून मिळवलेल्या पेशी लसीच्या कामात वापरल्याचा) जो वाद झाला, त्यावर व्हॅटिकनने 21 डिसेंबर 2020 च्या टिपणात स्पष्ट केलं की दुसरा पर्याय नसताना या लसी घेणं नैतिकदृष्ट्या चालतं. त्याच टिपणात लस ऐच्छिक असावी असंही म्हटलंय, आणि जो घेणार नाही त्याने आपल्यामुळे इतरांना रोग होणार नाही याची काळजी घ्यावी असंही. हे तिसरं वाक्य वादात कुणी वाचत नाही.

मिशनऱ्यांमुळेच रोग पसरला असं कधी झालंय का?

झालंय. एकदाच नाही, अनेकदा. हे उत्तर लांबणार आहे, कारण मिशनच्या स्मरणिकांमध्ये या गोष्टी सहसा सापडत नाहीत.

1976. झाईर, म्हणजे आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक. यांबुकू नावाच्या गावात बेल्जियन सिस्टर्स चालवत असलेलं 120 खाटांचं मिशन इस्पितळ. डॉक्टर कायमचा नाही, सिस्टर्स आणि स्थानिक परिचारक हेच सगळं बघायचे. आसपासच्या गावांतून लोक पायी यायचे, कारण तिथे इंजेक्शन मिळायचं, आणि इंजेक्शनवर लोकांचा गोळीपेक्षा जास्त विश्वास. बाह्यरुग्ण विभागाला रोज सकाळी पाच सिरिंज आणि सुया मिळायच्या. फक्त पाच. दिवसभर येणाऱ्या प्रत्येक रोग्याला त्यांतलीच एक. एकाला टोचलं की सुई कोमट पाण्याच्या भांड्यात खळबळायची आणि पुढच्याला टोचायची. ऑगस्टच्या अखेरीस मिशनच्या शाळेतला एक शिक्षक ताप घेऊन आला, हिवताप समजून त्याला इंजेक्शन दिलं गेलं. तो इबोला होता, आणि त्या रोगाला तेव्हा नावही नव्हतं. त्या साथीत 318 जणांना लागण झाली, 280 मेले. इस्पितळाच्या 17 कर्मचाऱ्यांपैकी 11 गेले, तेव्हा इस्पितळ बंद झालं.

त्या सिस्टर्सना कुणी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी आयुष्य तिथे घालवलं होतं, आणि त्यांतल्या काही जणी त्याच साथीत मेल्या. पण चांगुलपणाने सुई निर्जंतुक होत नाही. मी नव्या स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो. त्यानंतर हात धुण्याबद्दल वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

आणखी मागे गेलं तर चित्र जास्त काळवंडतं. 1630 च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या वेंडाट लोकांमध्ये (फ्रेंच त्यांना ह्यूरॉन म्हणत) जेझुइट (काळे झगे घालणारे कॅथलिक मिशनरी) गेले तेव्हा युरोपातले रोगही त्या भागात पोचले होते. 1634 ते 1640 या वर्षांत वेंडाट लोकसंख्या जवळपास निम्म्यावर आली. जेझुइट मरणाऱ्या लेकरांना घाईघाईने बाप्तिस्मा देत, आणि बाप्तिस्मा झाला की लेकरू मरे. वेंडाटांनी दोन आणि दोन चार केले. त्यांचं गणित चुकलं, पण संशय निराधार म्हणवत नाही: काळे झगे आले आणि मरण आलं, एवढं त्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

1847 मध्ये ओरेगनच्या बाजूला, वाइइलात्पू इथल्या मिशनमध्ये डॉ. मार्कस व्हिटमन यांनी गोवराच्या साथीत गोऱ्या मुलांवरही उपचार केले आणि कायूस जमातीच्या मुलांवरही. गोरी मुलं बरीचशी वाचली, कायूस मुलं भराभर मेली, कारण त्या रोगाशी त्यांच्या शरीराची ओळखच नव्हती. डॉक्टर आम्हाला विष देतो असा समज पसरला. 29 नोव्हेंबरला व्हिटमन पतिपत्नी मारले गेले, त्यांच्याबरोबर आणखीही काही जण.

आता माझी गोष्ट. 2020 मध्ये आम्ही सात जण धान्याच्या पिशव्या वाटायला निघायचो. आमच्यातल्या एकाचा घसा दुखत होता. त्याने सांगितलं नाही, कारण माणसं आधीच कमी आणि यादी लांब. मलाही तो घसा खाकरताना ऐकू आलं होतं. मी विचारलं नाही, कारण यादी माझ्याच हातात होती. पुढच्या दहा दिवसांत त्या यादीतली तीन म्हातारी माणसं आजारी पडली, एक वारलं. आमच्यामुळेच, असं सिद्ध करता येणार नाही. आमच्यामुळे नाही, असंही मला म्हणता येत नाही.

उपासना बंद ठेवायची म्हणजे इब्री 10:25 मोडायचं का?

"आपण आपले एकत्र मिळणे सोडू नये." वचन खरं आहे. पण त्याच्या आधीचं वचन वाचा: प्रीती व सत्कर्मे करायला एकमेकांना उत्तेजन द्यावं म्हणून एकत्र यायचं. एकत्र येऊन एकमेकांना न्यूमोनिया द्यायचा असेल तर मुद्दाच गेला.

10 मार्च 2020 ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट काउंटीमध्ये, एका गायकवृंदाचा सराव झाला. एकसष्ट जण, अडीच तास. एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. नंतर त्रेपन्न जण आजारी पडले, दोघे दगावले. गाताना माणूस किती दूरवर श्वास सोडतो हे जगाला तिथून नीट कळलं. त्याआधी फेब्रुवारीत फ्रान्सच्या म्युलूझ शहरात एका मंडळीचं आठवडाभराचं उपास-प्रार्थनेचं संमेलन झालं, दोनेक हजार लोकांचं. त्यातून साथ देशभर गेली. त्या लोकांनी कुठला नियम मोडला नव्हता, कारण तेव्हा नियमच नव्हता. तरी नंतर कितीतरी महिने त्यांना शिव्या खाव्या लागल्या. ते मला अन्यायाचं वाटतं.

दाखला द्यायचाच तर मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ याचा देतो. 1576 च्या प्लेगमध्ये लोकांना घरात कोंडलं गेलं तेव्हा त्याने चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे खिडकीतून मिस्सा (कॅथलिक उपासना) दिसेल. इंग्लंडमधल्या ईम गावाचा पाळक विल्यम मॉम्पेसन याने 1666 मध्ये चर्च बंद करून उपासना बाहेर, एका दरीच्या उतारावर घेतली. कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी राहायची. त्याने आणि त्याच्या आधीचा पाळक टॉमस स्टॅन्ली याने गावाला हद्द न ओलांडायला राजी केलं, शेजारची गावं वाचावीत म्हणून. हद्दीवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक तिथे सामान ठेवून जायचे. गावातली सुमारे 260 माणसं गेली, मॉम्पेसनची बायको कॅथरीनसुद्धा. ईमचे लोक कुठे गेले नाहीत, हेच त्यांचं मिशनकार्य, असं मी समजतो.

ऑनलाइन प्रभुभोजन चालतं का? बाप्तिस्मा?

ज्या मंडळीचे आहात तिला विचारा. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांनी घरोघर भाकर आणि द्राक्षरस ठेवून, पडद्यावरच्या पाळकाबरोबर प्रभुभोजन घेतलं. काहींनी ते साफ नाकारलं. कॅथलिक शिकवणीत संस्कार फोनवरून होत नाहीत. म्हणून मिस्सा पाहून मनानं कम्युनियन (म्हणजे प्रभुभोजन) घ्यायची जुनी रीत पुन्हा वापरात आली, आणि मार्च 2020 मध्ये रोमने गंभीर साथीच्या ठिकाणी पापांच्या एकेकट्या कबुलीशिवाय सामूहिक क्षमा देण्याची मुभा आहे हे स्पष्ट केलं. इंग्लंडच्या चर्चने त्याच महिन्यात एकाच प्याल्यातून पिणं थांबवलं आणि फक्त भाकर देणं सुरू ठेवलं. भाकर आणि द्राक्षरस दोन्ही द्यावेत असं सांगणाऱ्या 1547 च्या कायद्यात 'गरज पडल्यास' अशी सवलत होती, ती कामी आली.

मरणाच्या दारातल्या माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर कॅथलिक नियमानुसार तो कुणीही देऊ शकतं, नर्सही. हे नर्सना आधी सांगून ठेवलेलं बरं.

माझं मत विचाराल तर पडद्यावरच्या उपासनेपेक्षा साधा फोन जास्त कामाचा. म्हाताऱ्यांना लिंक उघडता येत नाही, पण घंटी वाजली की ते उचलतात.

इस्पितळात आत जाता येत नसेल तर मरणाऱ्याजवळ कोण असणार?

जो आत आहे तो. बहुतेक वेळा नर्स किंवा सफाई कर्मचारी.

माझ्या ओळखीची एक नर्स रात्रपाळीत मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करून रोग्याच्या कानाशी धरायची. पलीकडे मी किंवा पाळक. पिशवीमुळे आवाज खरखरायचा, आणि ऑक्सिजनच्या आवाजात निम्मं ऐकूच जायचं नाही. लांब प्रार्थना तिथे चालत नाही. तिचा हात भरून यायचा आणि शेजारच्या खाटेवरची घंटी वाजायची. स्तोत्र 23 ची पहिली चार वचनं, माणसाचं नाव, घरच्यांची नावं, "आम्ही इथे आहोत." चाळीस सेकंद. पुढे आम्ही घरच्यांचे आवाज आधी रेकॉर्ड करून पाठवायला लागलो, ते जास्त चांगलं.

मत्तय 25 मध्ये "मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात" असं आहे. आपल्याकडे समाचाराला जाणं वेगळं आणि समाचार घेणं वेगळं. तोंड न झाकता, हात न धुता रोग्याच्या उशाशी गेलेला माणूस त्याचा समाचारच घेत असतो.

जे आत जाऊ शकतात त्यांनी जावं, पण शिकून. कॅमिलियन संघाचे सदस्य रोग्यांची सेवा जीव धोक्यात घालूनही करू, असं चौथं व्रत घेतात. 16 व्या शतकापासूनची ती परंपरा. पण व्रत हा काही संरक्षक पोशाख नव्हे.

मदतीच्या पिशवीत सुवार्तेची पत्रिका टाकायची का? प्रार्थना करायची का?

पत्रिका नाही. यावर माझं आमच्याच लोकांशी बरंच भांडण झालंय. "शुभवर्तमान लाजायची गोष्ट आहे का?" असं ते विचारतात. लाजायची नाही, पण ज्याच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही तो तुमची पत्रिका नाकारू शकत नाही. जिथे नाही म्हणता येत नाही तिथे हो म्हणण्याला किंमत नसते.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. 1994 च्या रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या आचारसंहितेत मदत एखाद्या राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही असं कलम आहे. ती तयार करणाऱ्यांमध्ये कॅरितास, ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होते. 2011 मध्ये याच कौन्सिलने, व्हॅटिकनच्या आंतरधर्मीय संवादाच्या परिषदेने आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्सने मिळून ख्रिस्ती साक्षीबद्दल एक छोटं निवेदन काढलं. गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेणं, आमिष दाखवणं याला ख्रिस्ती सेवेत जागा नाही, असं त्यात सरळ आहे. आजारपणात आणि आरोग्यसेवेत माणसाच्या हतबलतेचा फायदा घेऊ नये, हेही.

कुणी स्वतःहून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर करा. पिशवी आधी हातात द्या, मग प्रार्थना. क्रम उलटा नको.

मयत मिशनने करायची का? शव धुणं, चुंबन घेणं याचं काय?

पश्चिम आफ्रिकेतल्या 2014 ते 2016 च्या इबोलात नव्या लागणींपैकी किमान पाचवा हिस्सा मयतीतून होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. शव धुणं, त्याला हात लावणं, मिठी मारणं. सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली माणसं यायची, शव पिशवीत भरायची, फवारायची आणि न्यायची. घरच्यांनी शवं लपवायला सुरुवात केली. नोव्हेंबर 2014 मध्ये संघटनेने नवी पद्धत आणली, तिचं नाव 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन'. ती ठरवताना ख्रिस्ती आणि मुस्लिम दोन्हीकडच्या संस्थांना बसवलं होतं. घरच्यांना विचारायचं, लांबून प्रार्थना करू द्यायची, शवाला हात न लावता काय करता येईल ते धर्मगुरूंनी सांगायचं, मातीची पहिली मूठ घरच्याने टाकायची.

इथे मिशनला कुणीही न देऊ शकणारी गोष्ट देता येते: "हात लावला नाही तरी विधी पूर्ण झाला" असं अधिकाराने सांगणं. डॉक्टरने ते सांगितलं तर घरचे मानत नाहीत.

परदेशी मिशनऱ्यांनी साथीत मायदेशी परतावं का?

लूथरचीच कसोटी लावा: गरज आहे का, आणि जागी दुसरं कुणी आहे का? पण त्याच्या जोडीला एक अवघड गोष्ट.

2014 मध्ये लायबेरियातल्या मनरोव्हियाच्या सेंट जोसेफ कॅथलिक इस्पितळात इबोला शिरला. स्पॅनिश फादर मिगेल पाहारेस यांना ऑगस्टमध्ये खास विमानाने माद्रिदला नेलं. तिथे ते वारले. त्याच इस्पितळातल्या काँगोच्या सिस्टर शांताल आणि इक्वेटोरियल गिनीच्या सिस्टर पासिएन्सिया मेल्गार यांच्याकडे स्पॅनिश नागरिकत्व नव्हतं. त्या मागे राहिल्या. सिस्टर शांताल गेल्या. सिस्टर पासिएन्सिया बऱ्या झाल्या. मग सप्टेंबरमध्ये दुसरे स्पॅनिश मिशनरी, मान्युएल गार्सिया विएहो, आजारी होऊन माद्रिदला आले तेव्हा त्यांच्यासाठी सिस्टर पासिएन्सियांचं रक्त हवं झालं, कारण बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात त्या रोगाशी लढणारे घटक असतात. त्या माद्रिदला निघाल्या, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. पुढे ते रक्तद्रव्य तेरेसा रोमेरो या माद्रिदच्या परिचारिकेला दिलं गेलं आणि ती वाचली. जिला विमानात जागा नव्हती तिच्या रक्ताला जागा निघाली.

म्हणून परदेशी सेवक पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला मी विचारतो: विमान आलं तर त्यात तुमची स्थानिक सिस्टर, स्थानिक चालक, स्थानिक पाळक बसणार आहेत का? नसतील तर तसं आधीच, साथ नसताना, तोंडावर सांगा.

ही देवाची शिक्षा आहे असं सांगावं का?

नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा ते इतरांहून जास्त अपराधी होते असं समजू नका, असं प्रभूने लूक 13 मध्ये स्वतः सांगितलंय. शिवाय शिक्षेची भाषा वापरणारे बहुधा दुसऱ्याच्या शिक्षेबद्दल बोलत असतात.

अर्पण थांबलं, पैसे कुठून आणायचे?

सभा नाहीत तर थैली नाही, हे खरंय. इमारतीचं काम थांबवा, वाहन विका, पण पगार आणि औषध थांबवू नका. हिशेब दर आठवड्याला उघडा ठेवा. साथीत अफवा तापापेक्षा वेगाने पसरतात.

सेवक थकतात, त्यांचं कोण बघणार?

आम्ही पाहिलं नाही. ज्याचा घसा दुखत होता असं वर लिहिलंय, तो मुलगा नंतर मिशन सोडून गेला. त्याला कुणी दोष दिला नव्हता, पण कुणी जवळ बसून विचारलंही नव्हतं. आता आमचा नियम आहे: रोज निघताना प्रत्येकाला मोठ्याने विचारायचं, "ताप? खोकला? घसा? घरात कुणी?" आणि जो हो म्हणेल त्याचे आभार मानून त्याला फोनच्या कामावर बसवायचं. घरी पाठवत नाही. घरी पाठवलं की पुढच्या वेळी तो सांगत नाही.

साथ ओसरली की पहिलं काम कोणतं?

5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आमची यादी तेव्हा उघडलेलीच होती: ज्यांची मयत चार माणसांत, किंवा कुणाशिवाय झाली, त्यांची. त्या घरी जायचं. दोघांनी जायचं, तिसरा नको. भाषण नाही, अहवालासाठी फोटो नाही. फोटोच्या चौकटीसमोर बसायचं आणि त्या माणसाबद्दल विचारायचं. बहुतेक घरी पहिली पंधरा मिनिटं इस्पितळाच्या बिलाबद्दल जातात. ती जाऊ द्यायची. मग कुणीतरी आत जाऊन मोबाइल घेऊन येतं आणि त्या रात्रीचा खरखरता आवाज लावतं, "ऐका, हे तुम्हीच बोललात ना?"